राखीव अरण्य आणि राखलेले अरण्य

मॉरिशसचे नाव आपल्याला परिचित आहे ते एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या आणि तेथेच स्थायिक झालेल्या मराठी माणसांमुळे. आज मी त्या मळ्यांच्याही आधीच्या अरण्याविषयी बोलणार आहे.

हे बेट सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकांतून समुद्रावर आले. वटवाघळे सोडली, तर भूमीवरचा एकही सस्तन प्राणी तेथे आपणहून पोहोचला नाही. त्यामुळे रोपे खुडणारी हरणे किंवा जमीन उकरणारी डुकरे यांच्याशी तेथील वनस्पतींना कधी सामना करावा लागला नाही. १६३८ साली डच वसाहत झाली, आबनुसाची तोड सुरू झाली आणि १६३९ मध्ये जावा बेटावरून हरणे आणली गेली. पुढे उसासाठी जमीन मोकळी झाली. मूळ अरण्याचा सुस्थितीतील भाग आज दोन टक्क्यांहूनही कमी आहे. त्यातील मोठा हिस्सा १९९४ मध्ये घोषित झालेल्या ‘ब्लॅक रिव्हर गॉर्जेस’ राष्ट्रीय उद्यानात येतो. त्याचे क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांहून अधिक आहे.

घोषणा झाली म्हणजे अरण्य वाचले, असे आपण समजतो. कुऱ्हाड थांबली, तरी ब्राझीलकडून आलेला रानटी पेरू थांबत नाही. माकडे व डुकरे त्याची फळे खातात आणि बिया दूरवर पसरवतात. त्याच्या दाट जाळीत मूळ झाडांची रोपे वाढू शकत नाहीत. जुना आबनूस उभा असतो, पण त्याच्या पायाशी वारस नसतो.

म्हणून उद्यानात काही भागांना कुंपण घालून हा पेरू मुळासकट उपटला जातो, आणि तो उगवला की पुन्हा उपटावा लागतो. अशा ठिकाणी मूळ रोपे पुन्हा दिसू लागतात. पक्ष्यांचेही तसेच आहे. १९७४ मध्ये रानात अवघे चार मॉरिशस खरुची ज्ञात होते. बंदिस्त प्रजनन, कृत्रिम घरटी आणि शिकारी प्राण्यांचे नियंत्रण यांमुळे ती जात वाचली.

आपल्या बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाताना रानमोडी व घाणेरी दिसते. तीही परदेशातून आलेली. सह्याद्री बेट नव्हे, हे खरे. तरीही किती हेक्टर राखीव झाले, एवढेच न विचारता तेथे दरवर्षी निंदणी कोण करते, हेही आपण विचारावे, अशी माझी विनंती आहे.