बॉम्बमधून वाचला, ड्रोनने ओरखडला

जपानमधला हिमेजी किल्ला म्हणजे पांढऱ्याशुभ्र भिंतींची, लाकडी बांधणीची देखणी वास्तू. त्याचा मुख्य मनोरा १६०९ सालचा. १९४५ च्या बॉम्बवर्षावात भोवतालचं शहर जळालं, किल्ला मात्र वाचला. मोठ्या दुरुस्तीनंतर मार्च २०१५ मध्ये तो पूर्णपणे खुला झाला आणि सप्टेंबरात एक ड्रोन त्याच्या मनोऱ्यावर आदळला! वरच्या खिडकीजवळ ओरखडे उठले. त्याच वर्षी जूनमध्ये इटलीत, मिलानच्या कॅथेड्रलवरही चित्रीकरण करणारा ड्रोन धडकला होता.

तुम्ही म्हणाल, एवढं मोकळं आभाळ असताना ड्रोन इमारतीवरच कसा जातो? ड्रोन आपली जागा उपग्रहांच्या संदेशांवरून ओळखतो. उंच भिंतींजवळ हे संदेश अडतात किंवा भिंतीवर आपटून येतात. मग त्याचा अंदाज काही मीटरनी चुकतो. जवळ लोखंड असेल, तर त्यातलं होकायंत्रही गोंधळतं. मनोऱ्याला वळसा घालणारा वारा भोवरे करतो. बारीक तारा तर त्याच्या 'डोळ्यां'ना अनेकदा दिसतच नाहीत. संपर्क तुटला, की बरेचसे ड्रोन ठरवलेल्या उंचीवर जाऊन उड्डाणाच्या जागी सरळ परततात. ती उंची मनोऱ्यापेक्षा कमी ठरवली असेल आणि मनोरा वाटेत असेल, तर टक्कर होऊ शकते.

पन्नास मीटरवरून वस्तू पडली, तर हवेचा अडथळा सोडून तिचा वेग जमिनीपाशी ताशी सुमारे ११० किलोमीटर होतो. खाली एखादं शाळकरी मूल उभं असेल तर?

जपानने डिसेंबर २०१५ पासून ड्रोनसाठी कायदा लागू केला. परवानगी नसेल, तर परक्या माणसांपासून आणि इमारतींपासून ३० मीटर अंतर राखायचं, असा त्यातला एक नियम आहे.

आपल्याकडेही २०२१ चे ड्रोन नियम आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यातले अकरा महाराष्ट्रातले. कड्यावरून उसळणारा वारा गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा आधी परवानगी घ्या, वारा पाहा, परतीची उंची तपासा आणि माणसांच्या डोक्यावरून ड्रोन नेऊ नका. चित्रण पुन्हा करता येतं. चारशे वर्षांचा दगड निखळला, तर नवा बसवता येईल. पण तो चारशे वर्षांचा नसेल.