वसईच्या आधी डहाणू

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, हे शाळेच्या पुस्तकात असते. त्याच साली जानेवारीत डहाणू मराठ्यांच्या हाती आले, हे मात्र खुद्द डहाणूकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. वसईचा निकाल बऱ्याच अंशी या उत्तरेकडच्या पट्ट्यात लागला होता.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. 1559 मध्ये त्यांनी दमण घेतले. मधल्या किनाऱ्यावर केळवे-माहीम, तारापूर, डहाणू अशी ठाणी उभी राहिली. बहुतेक कोट खाडीच्या किंवा बंदराच्या तोंडाशी, म्हणजे संकट आले की गलबतातून माणसे, दारूगोळा, धान्य उतरवता येई. आतल्या बाजूस अशेरीचा डोंगरी किल्ला होता. त्यापलीकडच्या डोंगराळ, जंगली मुलखात जव्हार आणि रामनगरच्या राजांचा अंमल होता. रामनगरच्या राजाला दमणचे पोर्तुगीज चौथाई देत.

पोर्तुगीजांविरुद्धच्या मराठ्यांच्या मोहिमेला 1737 मध्ये तोंड फुटले. अणजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी तिच्यासाठी खटपट केली होती. ठाणे आणि साष्टी पहिल्याच धडाक्यात मिळाली. वसई मात्र हाती लागली नाही, आणि पुढे माहीमवरचा हल्लाही फसला. कारण उघड होते. मराठ्यांची फौज जमिनीवरची, पोर्तुगीजांची कुमक समुद्रावरून येणारी. एका कोटाला वेढा घालावा, तर शेजारच्या ठाण्यातून मदत पोहोचे.

1738 च्या अखेरीस अप्पा पुन्हा कोकणात उतरले तेव्हा त्यांनी वसईच्या तटाला थेट डोके लावले नाही. आधी उत्तर मोकळी केली. जानेवारी 1739 मध्ये माहीम पडले आणि थोड्याच दिवसांत केळवे, शिरगाव, डहाणू, अशेरी, तारापूर अशी ठाणी एकामागून एक हाती आली. सगळ्यांत महाग पडले ते तारापूर. तिथल्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर हे नामांकित सरदार गोळी लागून पडले. पण वसई आणि दमण यांच्यातला खुष्कीचा दुवा तुटला.

फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. त्याच सुमारास नादिरशहा दिल्लीवर चालून आल्यामुळे वसईत गुंतलेली फौज लवकर मोकळी होणे अप्पांचे थोरले बंधू बाजीराव पेशवे यांना हवे होते. अखेर सुरुंगांनी तटाला खिंडार पाडले आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी तह केला. शिबंदीला व रहिवाशांना चीजवस्तूंसह जाऊ दिले गेले.

दमण मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले, आणि याचा परिणाम डहाणू-तलासरीच्या नकाशावर आजही दिसतो. पुढे पुण्याच्या पेशव्यांनी पोर्तुगीजांशी 1779 मध्ये मैत्रीचा तह केला आणि त्यानुसार नगर हवेलीची गावे त्यांना तोडून दिली. तलासरीला लागून असलेला हा मुलूख मुंबई इलाख्याच्या पोटात परकीय बेट होऊन राहिला. ऑगस्ट 1954 मध्ये तिथले मुख्य ठिकाण सिल्वासा मुक्त झाले. दमणवर तिरंगा फडकला तो डिसेंबर 1961 मध्ये, म्हणजे डहाणू पडल्यानंतर 222 वर्षांनी.