एका कातड्याची साक्ष

मिठाच्या जकातीचा कारभार पाहणारे, पुढे काँग्रेसच्या संस्थापकांत गणले गेलेले आणि त्या संस्थेचे पहिले अधिवेशन 1885 साली मुंबईत भरविण्यात अग्रभागी असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1867 च्या नोव्हेंबरात सतलजच्या खोऱ्यात रामपूरनजीक जो मोठ्या चोचीचा वटवट्या टिपला, तो पुढे जवळजवळ 140 वर्षे पक्षिशास्त्राच्या दफ्तरात केवळ एकाच नमुन्याच्या बळावर नांदला. ह्यूम यांची हस्तलिखिते सिमल्याच्या बाजारात त्यांच्याच नोकराने रद्दीच्या भावाने विकली. कातडी मात्र विलायतेच्या संग्रहालयात रवाना झाली, हे शास्त्राचे मोठेच भाग्य! तरीही, ही स्वतंत्र जात नसून दुसऱ्याच एखाद्या वटवट्याचा विक्षिप्त नमुना असावा, हा संशय काही हटेना. 2002 साली त्या जुन्या नमुन्याच्या जनुकीय परीक्षेने तो फिटला.

असा हा पक्षी 27 मार्च 2006 रोजी थायलंडात, लेम फाक बिया येथील सांडपाणी शुद्ध करणाऱ्या तळ्यांच्या काठी, पक्षी-अभ्यासक फिलिप राऊंड यांच्या जाळ्यात सापडला. वटवटे सारे सारख्याच मळकट तपकिरी रंगाचे. हिवाळ्यात आपल्या बागांच्या कुंपणांत ‘चक् चक्’ करीत दडून बसणारा ब्लाइथचा वटवट्या आणि हा, यांत झुडपातल्या क्षणिक दर्शनाने निवाडा करू पाहणे धाडसाचेच ठरेल. परंतु हातातल्या पाखराची चोच लांब, पंख आखूड व टोकाशी गोलसर, हे राऊंड यांच्या अनुभवी नजरेला खटकले. त्यांनी छायाचित्रे आणि दोन पिसे स्वीडनमधील लुंड येथे धाडली आणि ह्यूम यांच्या नमुन्याशी त्यांचा मेळ बसला. थायलंडच्या पक्षियादीत एका नव्या नावाची भर पडली, ती अशी.

त्यानंतर विलायतेतील ट्रिंगच्या संग्रहालयात, ब्लाइथच्या वटवट्यांच्या खणात भलत्याच नावाखाली पडलेला, हिंदुस्थानातच 1869 साली मिळविलेला दुसरा नमुना उजेडात आला. उजाड, उंच वाखान खोऱ्यात, अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, 2008 साली ध्वनिमुद्रित झालेले एक गाणे जाणकारांना अनोळखी वाटले. पुढल्या वर्षी तेथे तलम जाळी लावताच याच जातीचे वीसच्या आसपास पक्षी हाती लागले, म्हणजे तोपर्यंतच्या साऱ्या इतिहासात मिळाले होते त्यांहून कितीतरी अधिक.