न फिरणारी डिस्क

पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद गावाजवळ एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तबकड्यांनी टिपलेल्या लहरींचे आकड्यांत रूपांतर करून त्यांचे गणित सोडवणाऱ्या एका यंत्रणेचे वर्णन तेथील शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केले. ती यंत्रणा बाजारात मिळणाऱ्या भागांचीच होती. लिनक्सवर चालणारे ४८ संगणक तिच्यात एकमेकांना जोडलेले होते. लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली आहे, म्हणजे तिचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो आणि हवा तसा बदलता येतो.

या आकड्यांचा पूर केवढा असेल? आपणच हिशेब करू. त्या यंत्रणेत लहरींचा ३३ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेतला जाई. एवढा पट्टा नीट टिपायचा तर सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे ६.६ कोटी मोजमापे घ्यावी लागतात. प्रत्येक तबकडीवरून दोन संकेत येतात आणि तबकड्या ३० आहेत. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ४०० कोटी आकडे होतात. प्रत्येकाला एक बाइट धरला तर ४ गिगाबाइट झाले, तेही एका सेकंदात! हे सारे कच्चे आकडे साठवायचे ठरवले तर फिरणाऱ्या चुंबकीय डिस्कचा निभाव लागणार नाही. ती सेकंदाला साधारण २०० मेगाबाइट लिहिते, म्हणून अशा वीस डिस्क एकाच वेळी राबवाव्या लागतील.

चुंबकीय डिस्कची खरी अडचण वेगळीच आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचक-टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. टोक सरकण्याचा वेळ निराळाच. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी वाचताना ती सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास नोंदी देते.

घन-अवस्था डिस्कमध्ये, म्हणजे एसएसडीमध्ये, फिरणारे काहीच नसते. १९६७ साली बेल प्रयोगशाळेत डॉन कांग आणि सायमन झी यांनी चारही बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या एका इवल्या पत्र्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवण्याची युक्ती मांडली. पुढे जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी त्यावरून फ्लॅश स्मृती घडवली. अशा असंख्य कप्प्यांत इलेक्ट्रॉन किती आहेत यावरून माहिती वाचली जाते.

या स्मृतीचा स्वभाव मात्र विचित्र आहे. पाटीवर ओळीमागून ओळ लिहिता येते, पण एखादीच ओळ पुसता येत नाही, पुसायची तर सगळी पाटी पुसावी लागते, अशी कल्पना करा. शिवाय दर वेळी पुसताना कप्प्याचे आवरण थोडे झिजते. काही शे ते काही हजार वेळा पुसल्यावर कप्पा निकामी होतो. म्हणून डिस्कमधला नियंत्रक नव्या मजकुरासाठी सतत नव्या जागा शोधतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटतो.

आता वाशिम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावातल्या शाळेला संगणक-कक्षासाठी लिनक्सचा सर्व्हर उभारायचा आहे असे समजा. डिस्क घेताना दोन जाती दिसतील. जुन्या साटा जोडणीची डिस्क सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. एनव्हीएमई पद्धतीची डिस्क थेट प्रोसेसरच्या मार्गिकांना जोडली जाते. एस.टी. स्थानकावर एकच तिकीट-खिडकी आणि रांगेत ३२ माणसे, ही झाली साटाची तऱ्हा. एनव्हीएमईमध्ये हजारो खिडक्या उघडता येतात. लिनक्सच्या गाभ्यात २०१२ पासून तिची सोय असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. मात्र खाचेत चार मार्गिका आहेत ना, हे पाहावे. एकच असेल तर वेग चौथाईवर येतो, आणि दोष डिस्कला दिला जातो!

डिस्क बसवल्यावर तिच्यावर एक्सटी४ किंवा एक्सएफएस ही फाइल-व्यवस्था घालावी. सर्व्हर सुरू होताना डिस्कची नावे कधी कधी अदलाबदल होतात, म्हणून नोंद नावाने न करता डिस्कच्या खूणक्रमांकाने करावी. आठवड्यातून एकदा ट्रिम ही आज्ञा चालेल अशी व्यवस्था ठेवावी. कोणत्या फाइली खोडल्या आहेत हे तिच्यामुळे नियंत्रकाला कळते, आणि निरुपयोगी मजकूर इकडून तिकडे हलवण्याचे कष्ट व झीज वाचते. वेगाची चाचणी अर्ध्या मिनिटात उरकू नये. पुष्कळ डिस्क सुरुवातीला थोड्या राखीव जागेत झपाट्याने लिहितात, आणि ती जागा भरली की मंदावतात.

ही डिस्क टिकेल किती? १ टेराबाइटच्या अनेक डिस्कवर ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. शाळेत रोज २० गिगाबाइट लिहिले गेले तर ३०,००० दिवस, म्हणजे ८२ वर्षे लागतील. इतर भाग त्याआधीच बिघडतील हे उघड आहे. तीच एक डिस्क खोडदच्या आपल्या काल्पनिक पुराखाली धरली, आणि तिला तो वेग झेपला असे मानले, तर हमी ४२ तासांत संपेल. म्हणून वेगाच्या आधी रोजचे लिखाण मोजावे.

शाळेला झिजेची भीती नाही, भीती विजेची आहे. गुरुजींनी गुण नोंदवले आणि पडद्यावर ‘जतन झाले’ असे उमटले, तरी मजकूर काही क्षण तात्पुरत्या स्मृतीतच असू शकतो. एफसिंक या आज्ञेने प्रोग्रॅम तो पक्का लिहून मागतो. पण डिस्कच्या पोटातही अशीच तात्पुरती स्मृती असते. सर्व्हरसाठीच्या चांगल्या डिस्कमध्ये त्यासाठी कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेल्यावर उरलेला मजकूर लिहिण्यापुरता प्रवाह ते पुरवतात. स्वस्त डिस्कमध्ये ते बहुधा नसतात, तेव्हा सोबत यूपीएस हवाच. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिण्याची सोय लिनक्समध्ये आहे. तिच्यामुळे एक डिस्क बिघडली तरी काम चालते, पण चुकून खोडलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. म्हणून वेगळी प्रत ठेवावीच.

ही प्रत जुन्या एसएसडीवर घेऊन कपाटात ठेवू नये. कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात, आणि उष्णतेने अधिक लवकर. हमीइतकी झिजलेली घरगुती डिस्क बंद स्थितीत ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर टिकवेल, एवढीच मानकाची अपेक्षा आहे. वऱ्हाडात मे महिन्यात बंद खोलीतले कपाट याहून बरेच तापते. तेथे जुनी फिरणारी चुंबकीय डिस्कच बरी.