कार्यप्रणाली बदलावी की नाही?

समजा, गणपतीपुळ्यातील एका निवासाच्या कचेरीत जुना संगणक आहे. त्यावर खोल्यांच्या नोंदी होतात, पावत्या छापल्या जातात. त्याची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, विंडोज १० आहे. काम सुरळीत चालते; मग ती बदलायची कशाला?

कार्यप्रणाली हा संगणकाचा कारभारी. स्मृती, फाइली, छपाईयंत्र यांची व्यवस्था तो पाहतो. त्याच्यात काही फटी राहून गेलेल्या असतात. त्या सापडतील तशा बुजवण्यासाठी निर्माते दुरुस्त्या पाठवतात. पण दुरुस्ती आली, की फट कोठे होती हे घातक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही कळते! मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एका फटीवर दुरुस्ती आली. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ पसरला, तो इतर वाटांबरोबर त्याच फटीतूनही. आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम त्यामुळे खोळंबले.

विंडोज १० चा दुरुस्त्यांचा नेहमीचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. म्हणजे संगणक बिघडला नाही, तरी धोका वाढत जातो.

मात्र घाई नको. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. यंत्राला हे पेलेल का? पावत्यांचा प्रोग्रॅम व छपाईयंत्र चालेल का? पेलत नसेल, तर मोफत मिळणारी लिनक्स हाही एक मार्ग आहे. काहीही ठरवा, आधी नोंदींची प्रत वेगळी काढून ठेवा. आणि बदल करा तो पावसाळ्यात, पाहुणे कमी असताना!

तुमच्या शाळेतील संगणकावर कोणती कार्यप्रणाली आहे? पाहा बरे!