ठाणे जिल्ह्यातील डास आणि निष्प्रभ औषध

भिवंडीच्या परिसरातील भातखाचरे भरली की बांधालगतच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात ॲनॉफिलिस डासांची वीण होऊ लागते. खेड्यांतून हिवताप पसरविणारी त्यांतील प्रमुख जात म्हणजे क्युलिसिफेसीस. ही जात दिवसा गोठ्यांत व घरांत विसावते. म्हणूनच भिंतींवर औषध फवारण्याची पद्धत पडली.

मात्र १९५८ साली टी. बी. पटेल, टी. रामचंद्र राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाणे जिल्ह्याच्या काही भागांत ही जात डील्ड्रिनला बहुधा दाद देईनाशी झाल्याचे नोंदविले. निष्कर्ष मांडताना त्यांनी राखलेली सावधगिरी शास्त्रज्ञास शोभणारीच होय.

असे का घडते? फवारणीतून जे थोडे डास उपजत गुणाने तगतात, त्यांचीच प्रजा पुढे वाढते. पिकांवरील किडींच्या बाबतीत शेतकरी बांधवांस हा अनुभव आहेच.

खाचरे कोरडी ठेवणे भातशेतीस परवडणारे नाही, हे उघड आहे. परंतु अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत सुमारे ८ ते १० दिवस लागतात. तेवढ्या अवधीत निरुपयोगी खड्डे बुजवावेत, तुंबलेले पाट वाहते करावेत आणि विहिरींत गप्पी मासे सोडावेत. थंडी वाजून ताप आल्यास रक्ततपासणी त्वरित करून घ्यावी.