समासातल्या नोंदी

बल्लारशाहून दक्षिणेकडे निघालेल्या गाडीने विरूर मागे टाकलं की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. मग सिरपूर कागजनगर, आसिफाबाद रोड, रेचनी रोड, बेल्लमपल्ली, मंदामर्री, मंचेरियाल. निजामाच्या रेल्वेने 1929 साली काजीपेट-बल्लारशा हा तुकडा पुरा केला आणि दिल्ली-मद्रास रूळ सलग झाले. याच रुळांच्या आधाराने इथे कोळशाच्या खाणी वाढल्या, कागदाची गिरणी उभी राहिली, मंचेरियालला सिमेंटचा कारखाना आला. तेलुगू मजूर आले, वैदर्भीय आले, केरळच्या परिचारिका आणि कारकून आले. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या कॅथलिक धर्मग्रामांचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात या स्थानकांपासून करायला हवी. खुद्द आदिलाबाद शहर या मुख्य मार्गावर नाही. त्याची गाडी किनवट-मुदखेडकडे जाते. धर्मप्रांताचं नाव आदिलाबाद आणि बिशपांचा कारभार मंचेरियालला, हे कोडं रेल्वेचा नकाशा पाहिला की फारसं उरत नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले, तेव्हापासून तर बिशपांचं घर आदिलाबाद जिल्ह्याबाहेर आहे.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1962 साली रोमने चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, प्रदेश केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे आणि त्यातल्या सीएमआय या संन्यासी संघाकडे सोपवला. फादर जानुआरियस पालातुरुत्ती प्रमुख झाले, पुढे बिशप झाले. 1977 मध्ये चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला. आदिलाबादचे कॅथलिक या चांद्याच्या बिशपांच्या देखरेखीखाली होते, म्हणजे त्यांचा धर्मगुरू तेलुगू मुलखात आणि त्याचा वरिष्ठ महाराष्ट्रात. 23 जून 1999 रोजी आदिलाबाद वेगळं झालं. जोसेफ कुन्नत पहिले बिशप, 2015 मध्ये प्रिन्स अँटनी पाणेंगाडन दुसरे. 2024 मध्ये ते शमशाबादला गेले आणि जोसेफ तच्चापरंबत तिसरे बिशप म्हणून आले.

या तारखांमधली 1962 ही तारीख सगळ्यात वजनदार. केरळचे सिरियन ख्रिस्ती, ज्यांचं हे सिरो-मलबार चर्च, आपली परंपरा संत थॉमसपर्यंत नेतात. त्यांची उपासना पूर्व सिरियन पद्धतीची, येशूच्या भाषेशी नातं सांगणाऱ्या सुरियानी भाषेतून आलेली. पोर्तुगीजांच्या काळात, 1599 च्या उदयंपेरूर सभेनंतर, तिच्यावर लॅटिन वळण लादलं गेलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना स्वतःचे बिशप मिळाले, पण केरळच्या हद्दीत. त्या हद्दीबाहेरचा सारा भारत लॅटिन बिशपांचा. सिरियन घरातल्या तरुणाला मध्य भारतात मिशनरी म्हणून जायचं असेल तर आपली उपासना घरी ठेवून लॅटिन पद्धत स्वीकारावी लागे. असे शेकड्यांनी गेले. आईच्या तोंडून ऐकलेल्या प्रार्थना सोडून त्यांनी नवा विधी शिकला. या त्यागाची चर्चच्या इतिहासात पुरेशी नोंद झालेली नाही, आणि ती व्हायला हवी. चांदा ही केरळबाहेर सिरो-मलबार चर्चला स्वतःच्या उपासनेसह मिळालेली पहिली मिशनभूमी. सागर, सतना, उज्जैन 1968 मध्ये मिळाले, जगदलपूर आणि बिजनौर 1972 मध्ये. मुंबई-पुण्याकडच्या सिरो-मलबार कुटुंबांसाठी कल्याणचा धर्मप्रांत व्हायला 1988 उजाडलं, आणि देशभर मोकळीक मिळायला 2017.

म्हणून आदिलाबादकडच्या धर्मग्रामात रविवारी जे घडतं ते वसईच्या किंवा नागपूरच्या माणसाला थोडं अनोळखी वाटेल. मिस्साऐवजी इथे कुर्बाना म्हणतात. क्रूस असतो, पण त्यावर येशूची मूर्ती नसते. त्याच्या चार टोकांना उमललेल्या कळ्या, खाली कमळ आणि वर उतरणारं कबूतर. ‘शांती असो’ म्हणून धर्मगुरू वेदीवरून हात पुढे करतो, सेवक मुलगा ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतो, खाली उतरून पहिल्या रांगेतल्या माणसाला तीच शांती देतो, तो शेजाऱ्याला देतो, आणि अशी ती तळहातांतून मागच्या भिंतीपर्यंत पोहोचते. मेसोपोटेमियाच्या ख्रिस्ती लोकांनी घडवलेली अद्दै आणि मारी यांची प्रार्थना इथे तेलुगूत म्हटली जाते. पलीकडे बल्लारपूर, चंद्रपूरला तीच मराठीत.

पण या धर्मग्रामांतली सगळ्यात हट्टी, सगळ्यात विलक्षण गोष्ट वेदीवर नसून कचेरीतल्या कपाटात असते. ती म्हणजे स्नानसंस्काराची नोंदवही.

पूर्वेकडच्या चर्चसाठीचा कायदा 1990 मध्ये जाहीर झाला. त्याने या वहीचे रकाने ठरवून दिले आहेत: नाव, आईवडील, धर्ममातापिता, विधी करणारा, जागा, तारीख, जन्मस्थान आणि मूल कोणत्या चर्चचं, सिरो-मलबार की लॅटिन. हा शेवटचा रकाना कोळसापट्ट्यात क्षुल्लक नाही. समजा, बाप गुंटूरकडचा लॅटिन कॅथलिक खाणकामगार आणि आई कोट्टयमची सिरो-मलबार परिचारिका. मूल चौदा वर्षांच्या आतलं असेल तर ते बापाच्या चर्चचं, आणि दोघांनी मिळून ठरवलं तर आईच्या. चौदा पुरी झालेला माणूस नव्याने स्नानसंस्कार घेत असेल तर निवड त्याची स्वतःची. विधी सिरो-मलबार धर्मगुरूने केला म्हणून मूल आपोआप सिरो-मलबार होत नाही. एकाच बाकावर बसणारी भावंडंदेखील वहीत वेगळ्या चर्चची असू शकतात.

आणि नोंद तिथे संपत नाही. पानाचा समास मुद्दाम रुंद सोडलेला असतो. बेल्लमपल्लीत स्नानसंस्कार झालेली मुलगी पंचवीस वर्षांनी हैदराबादेत लग्न करते, तेव्हा तिथल्या धर्मगुरूला आधी बेल्लमपल्लीहून तिचा ताजा दाखला मागवावा लागतो आणि लग्नानंतर तशी वर्दी परत बेल्लमपल्लीला पाठवावी लागते. ती आली की इथला धर्मगुरू जुनी वही काढतो, तिचं पान शोधतो आणि तिच्या नावासमोर समासात नवऱ्याचं नाव, तारीख, गाव लिहितो. कोणी जोगीण झाली, कोणी दत्तक गेलं, कोणाला गुरुदीक्षा मिळाली, तेही त्याच ओळीसमोर. माणूस कुठेही जावो, त्याची कहाणी लिहायची जागा ठरलेली. बदलीवर जगणाऱ्या कामगारांच्या या पट्ट्यात याहून भरवशाचं दप्तर क्वचित सापडेल. संगणक आले तरी शाईतली वही हलवलेली नाही, हे बरंच झालं.

ही वही भरते ती मुख्यतः उपदेशींमुळे. तेलुगू ख्रिस्ती गावांत धर्मगुरू महिन्यातून मोजके दिवस येतो. बाकीचे दिवस गाव सांभाळतो तो उपदेशी, गावातलाच एखादा लिहितावाचता गृहस्थ. संध्याकाळची प्रार्थना तो घेतो, मुलांकडून धर्मशिक्षण घोकून घेतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो, धर्मगुरू येईपर्यंत मयताजवळ थांबतो. कोणाचं बाळ जन्मलं, कोणाचे आईवडील आधी कोणत्या चर्चचे होते, कोणाचं आधी एक लग्न झालेलं आहे, ही माहिती त्याच्याकडून वहीत उतरते. धर्मप्रांताच्या इतिहासात बिशपांची छायाचित्रं छापली जातात. उपदेशींची छापायला हवीत.

आता काळजीचं.

जुन्या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सत्तावीस लाखांवर होती. त्यात कॅथलिक एक टक्कासुद्धा नाहीत. एवढ्या लहान समाजाला एक गिरणी बंद पडणंही जाणवतं. कागजनगरची सिरपूर पेपर मिल्स 2014 मध्ये बंद पडली. नवा मालक येऊन ती 2018 मध्ये सुरू झाली, पण मधल्या चार वर्षांत ज्यांनी गाव सोडलं त्यांची मुलं दुसऱ्या शाळांत रुळली. सिंगरेणी या कोळसा कंपनीचे कामगार 1990 च्या सुमारास लाखावर होते, आज त्याच्या निम्मेही नाहीत. जमिनीखालच्या खाणी मिटत गेल्या, उघड्या खाणींत माणसांऐवजी यंत्रं आली. खाणकामगारांच्या वसाहतींच्या आधाराने उभ्या राहिलेल्या धर्मग्रामांचा पायाच त्यामुळे हलतो आहे. नवीन नावं कमी, दाखले मागणारी पत्रं जास्त, असं कुठल्याही ओसरत्या वस्तीत होतं तसंच इथेही होणार.

याहून खोल अडचण वहीच्या रकान्यांत दिसतच नाही. चर्चच्या कायद्याने ठरवलेल्या रकान्यांत जात नाही. सरकारच्या कागदांत मात्र आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना तो मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चांद्यात दीक्षा दिली. तिथल्या बौद्धांना केंद्राची सवलत मिळायला चौतीस वर्षं लागली, पण मिळाली. रेल्वेने काही तासांवरच्या माला किंवा मादिगा या दलित जातींतल्या ख्रिस्ती कुटुंबाला ती आजही नाही. तेलंगणात अशा कुटुंबांची गणना मागासवर्गीयांच्या ‘सी’ गटात होते, ज्याला एक टक्का आरक्षण आहे. आदिवासींच्या दर्जाला धर्माची अट नाही, त्यामुळे गोंड किंवा कोलाम ख्रिस्ती झाला तरी त्याचा दाखला टिकतो. म्हणजे कुर्बानात हातातून हातात शांती देणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाचा हक्क वहीत नाव चढल्यामुळे जातो आणि दुसऱ्याचा जात नाही.

मद्रासच्या सुसै नावाच्या चांभाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. धर्म बदलल्यावरही तेवढ्याच तीव्रतेचं मागासलेपण उरतं याचा पुरावा न्यायालयाने मागितला आणि 1985 मध्ये याचिका फेटाळली. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्याकडे तोच प्रश्न पुन्हा सोपवला गेला आणि मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत राहिली.

दोष एकट्या सरकारचा नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी 2016 च्या आपल्या दलित धोरणात चर्चच्या आतला जातिभेद मान्य केला आहे. आदिलाबादचे आजवरचे तिन्ही बिशप केरळचे. ज्या मिशनने स्वतःच्या उपासनेचा मान मिळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, त्याला स्थानिक माणसाच्या मानाची निकड इतर कोणाहून लवकर कळायला हवी. मंचेरियालच्या खुर्चीवर तेलुगू, गोंड किंवा कोलाम घरातला बिशप बसायला हरकत कायद्याची नाही. त्यासाठी गावागावांतली मुलं सेमिनरीपर्यंत पोहोचावी लागतात, तिथे टिकावी लागतात, आणि त्यांच्या घरच्यांना वहीत नाव नोंदवल्याबद्दल शिष्यवृत्ती गमवावी लागू नये. यातली पहिली दोन कामं चर्चच्या हातातली आहेत. तिसरं दिल्लीच्या हातातलं आहे, आणि ते 1950 पासून अडलेलं आहे.